बाटलीवरची बाई

बाळांनो, मागच्या पत्रात तुम्ही पणजोबांचा फोटो मागितलात. सोबत तेलाच्या बाटलीचं लेबल पाठवते आहे. डोक्यावर पदर, गुडघ्यापर्यंत केस, मान वेळावून हसणारी ती बाई म्हणजे तुमचे पणजोबा.

क्रमाने सांगते. माझे वडील, आमचे अण्णा, नाटक कंपनीत राण्या व्हायचे. पोलीस ॲक्शननंतर कंपनी मोडली, आणि स्टेजवर खऱ्याच बायका येऊ लागल्या. (त्यांच्यापुढे अण्णांचं काय चालणार!) मग एका तेलवाल्याने त्यांना नोकरी दिली. नऊवारी नेसायची, डोक्याला काळं फडकं बांधून त्याला गंगावन, म्हणजे खोटे केस, टाचायचे, वरून पदर घ्यायचा आणि टांग्यात बसून औरंगाबादभर केस विंचरत हिंडायचं! फडक्याखाली अण्णांचं डोकं तांब्यासारखं तुळतुळीत. ते तेल त्यांनी कधी लावलं नाही. लावणार कुठे?

मी इंटर पास, म्हणजे कॉलेजची दोन वर्षं शिकलेली. अण्णांचा टांगा दिसला की गल्ली बदलायची. वैजापूरच्या एका वकिलाचं स्थळ आलं, तेव्हा आम्ही कळवलं, 'वडील पब्लिसिटीत आहेत.'

"अण्णा, पाहुणे जाईपर्यंत घरी येऊ नका," मी म्हटलं.

"बरं," अण्णा म्हणाले आणि कपड्यांचं बोचकं घेऊन सकाळीच बाहेर पडले.

त्या बोचक्यातलं गंगावन मी आधीच काढून घेतलं होतं! त्या काळी बघायला आलेल्या बायका मुलीच्या वेणीला हात लावून पाहत, आणि माझी वेणी उंदराच्या शेपटीएवढी. अण्णांचा टांगा चारला निघणार, पाहुणे तीनला येणार, त्यामुळे गंगावन वेळेत परत जाईल, असं मी चोख वेळापत्रक आखलं होतं. पाहुणे चारला आले.

मुलाची आई माझ्याकडे टक लावून बघत बसली. "पोरी, तुला कुठंतरी बघितलंय गं."

"ही कुठं जात नाही हो," आई घाईने म्हणाली.

"केस लई दाट हायेत. काय लावतीस?"

मी अण्णांच्याच तेलाचं नाव सांगितलं. (पोटाचा प्रश्न होता!)

"अगं, मी बी तेच लावते!" असं म्हणत त्यांनी माझी वेणी प्रेमाने ओढली. ती त्यांच्या हातात आली. अख्खी!

तेवढ्यात बाहेर टांगा थांबला आणि दारात अण्णा उभे. नऊवारी, कुंकू, नथ, आणि पदर, फडकं दोन्ही घसरून उघडं पडलेलं टक्कल!

"अगं, माझे केस..." पाहुणे दिसताच ते थिजले.

मागून टांगेवाले गफूरचाचा ओरडले, "अण्णा, जल्दी करो! बगैर बालां के कैसा जाना?"

"हे कोण?" मुलाच्या आईने विचारलं.

इंटर पास तोंडातून उत्तर निघालं, "भाडेकरू."

अण्णांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं. मग पदर सावरून हात जोडले. "व्हय बाई, भाडेकरू. वरच्या खोलीत असतो. माफी असावी." आवाज जराही हलला नाही. इतकं उत्तम काम त्यांनी कुठल्याही स्टेजवर केलं नसेल. (आमच्या घराला वरची खोली नव्हतीच.)

बाई उठल्या. त्यांनी गंगावन अण्णांच्या खांद्यावर सोडलं, वर पदर ओढला आणि दोन पावलं मागे सरून आधी त्यांच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. "नाक तेच, हनुवटी तीच! रोज सकाळी बाटलीवर बघते की हिला!" मग आवाज चढला. "आन् इतकी वर्षं मी तेल चोळते, ते या टकलावर भरवसा ठेवून?"

"तेलाची चूक नाय, बाई," अण्णा नम्रपणे म्हणाले. "जमीनच नापीक."

बाई इतक्या हसल्या, की त्यांच्या अंबाड्यातूनही काहीतरी खाली पडलं! काय पडलं, ते सासरच्या अब्रूखातर लिहीत नाही.

"पोरगी पसंत," त्या म्हणाल्या. "पण कन्यादान भाडेकरूनंच करायचं!"

अण्णांनी केलं. पुढे वैजापूरला यायचे तेव्हा उंबऱ्यातूनच विचारायचे, "भाडेकरू आत येऊ का?" सगळे हसायचे. मीही हसायचे, पण चहा टाकायच्या निमित्ताने आत जाऊन.

लेबल जपून ठेवा. ही बाई कोण, असं कोणी विचारलं तर बेधडक सांगा, आमचे पणजोबा. भाडेकरू म्हणायला घरात एक इंटर पास पुरे.