बोटीवरच्याच्या नावाचा रोट

मी दर श्रावणात घरी कानबाई देवी बसवते, पण शकुन-अपशकुन, भुतंखेतं कधी मानली नाहीत. मानायला फुरसत लागते... माझा जन्म कापूस वेचण्यात गेला. हे नातीला सांगून लिहून घेतेय.

गाव अमळनेरजवळचं. पंच्याऐंशी-शहाऐंशीचा श्रावण. माझा थोरला नेव्हीत, क्षेपणास्त्रं सोडणाऱ्या मोठ्या बोटीवर. नकाशा मूळ रशियाचा, पण आपल्यासाठी मागची तोफ काढून तिथं हेलिकॉप्टरला जागा केली, असं सांगायचा. आपण ओटा मोडून गोठा केला तसं, म्हणायचा. रेडिओवर समुद्राचं नाव निघालं की मी हातातलं काम टाकून ऐकत बसायचे. धाकट्यालाही नेव्हीतच जायचं होतं. दीर म्हणाले, "वहिनी, एक पोऱ्या पानीवर शे, दुसरा घरमाच राहू दे." ठेवला घरी.

कानबाईला आमच्यात घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन सव्वा मूठ गहू घेतात. त्याचे रोट करतात, जाड गोड पोळ्या. दळण मात्र एकच, पीठही एकत्रच मळायचं, म्हणून कुठला रोट कोणाचा ते कळत नाही. त्या रविवारी बाकीचे रोट नीट भाजले, एक काही भाजेना. तवा तोच, चूल तीच. किती वेळा टाकला... आत थंड, ओलं पीठ. जाऊबाई हळूच बोलल्या, "बोटवालाना व्हई हाऊ." म्हणजे थोरल्याच्या नावाचा. मी तोंडाला पदर लावला.

रोट टाकून देत नाहीत, बाहेरच्यालाही देत नाहीत. धाकटा हसत आला. "दादा पानीमा ऱ्हास, त्याना रोट बी ओलाच ऱ्हाई. आन इकडे, मी खाई लेस." दुधात कुस्करून खाल्ला त्यानं.

पुढं मी रेडिओला कान लावून बसलेली — आणि भरदुपारी धाकटा विहिरीवर मोटर चालू करायला गेला. शॉक लागला. जागीच गेला.

थोरला आला. त्याची बोट तेव्हा बंदरात उभी होती, रंगकाम चालू होतं म्हणे. एवढी लढाईची बोट, तिला ओरखडा नाही. जपायला घरी ठेवला, तो गेला. वायर उघडी होती, ओल होती, लोक म्हणतात. असेल. पण तो रोट का भाजला नाही, ते अजून कोणी सांगितलं नाही.

दिवसपाणी झाल्यावर जाऊबाईंनी थोरल्याला सगळं सांगितलं. तो चुलीपुढं येऊन बसला.

"माय, तो रोट मनाच व्हता का? त्यानी मना रोट खाई लिधा?"

मी भाकरी थापत राहिले.

आता तो रिटायर होऊन घरीच आहे. दर कानबाईला मी त्याच्या ताटात रोट वाढते. तो ताट बाजूला सारतो.