पैनगंगेतल्या तीन बुड्या

आमच्या ख्रिस्ती मंडळीत नदीवर बाप्तिस्मा असला की बायकांच्या कपड्यांचं काम माझ्याकडे असतं. कमरेइतक्या पाण्यात उभं राहिलं की पातळ फुगून वर येतं. म्हणून परकराला पिना लावायच्या, पदराच्या टोकाला छोटा गोटा बांधायचा आणि कोरडे कपडे बदलायला दोन चादरींचा आडोसा करायचा. प्रार्थनेला माणसं कमी पडत नाहीत, पिना मात्र मलाच आणाव्या लागतात.

गेल्या हिवाळ्यात माझ्या सासूबाईंचीच पाळी आली.

आम्ही नवरा-बायको बाप्तिस्मा घेऊन बरीच वर्षं झाली. सासू-सासरे आपापल्या देवांपाशी राहिले आणि त्यावरून घरात कधी भांडण झालं नाही. पुढे रविवारी घरी एकटं बसून कंटाळा येतो म्हणून सासूबाई आमच्याबरोबर मंडळीत येऊ लागल्या. आधी नुसत्या बसायच्या, मग ऐकू लागल्या, मग घरी येऊन आम्हालाच प्रश्न विचारू लागल्या. त्यांना एकच गोष्ट खुपायची. प्रभुभोजनाच्या भाकरीचं ताट बाप्तिस्मा झालेल्यांनाच देतात. ते त्यांच्यापुढून सरळ पुढे जायचं.

"पंगतीत बसवता अन ताट उचलता," एके दिवशी त्या म्हणाल्या. "असं काऊन? सांग तुह्या पास्टरले, मलेबी घ्यायचा हाय."

पास्टर तेलंगणातल्या इचोड्याहून येतात. घरी तेलुगू, आमच्याशी अर्धी मराठी, अर्धी हिंदी. त्यांनी नीट समजावलं की हे पाप धुवायचं स्नान नाही. जुनं माणूस मेलं, मातीत गेलं आणि ख्रिस्ताबरोबर नवं उठलं, असा त्याचा अर्थ. म्हणून कपाळावर पाणी शिंपडून भागत नाही. पूर्ण बुडायचं, तेही मागे उताणं होऊन, एकदाच.

"उताणी?" सासूबाई म्हणाल्या. "उताणी तर मेल्यावरच निजवतीन मले."

"तेच तर सांगून राह्यले ते, आत्या," मी म्हटलं. सासूबाईंना मी आत्याच म्हणते.

मग मी अंगणातल्या बाजेवर त्यांचा सराव घेतला. हात छातीवर, मान सैल, माझा हात पाठीशी. त्या दरवेळी कोपर टेकवायच्या. सासरे ओट्यावर बसून बघत होते.

"सोडू नको बरं तिले," ते मला म्हणाले. "या वयात दुसरी कोन देईन?"

"तुमी गप बसा," सासूबाई बाजेवरूनच म्हणाल्या. "मी मरून राह्यली इथं."

पांढरं पातळ नेसायला त्यांनी साफ नकार दिला. मालक समोर जिवंत असताना पांढरं कसं नेसायचं? मी हिरव्या काठाचं फिकट पिवळं काढून दिलं. पास्टरांनी रंगाबद्दल काही विचारलं नाही.

नदीवर सगळं ठरल्यासारखं झालं. पाणी गार, पण ऊन चांगलं होतं. सासरे काठावर टॉवेल घेऊन उभे होते. पास्टरांनी पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं म्हटलं आणि सासूबाई कोपर न टेकवता मागे गेल्या, पूर्ण बुडाल्या, वर आल्या. मी श्वास सोडला. काठावर गाणं सुरू झालं.

तेवढ्यात सासूबाईंनी नाक दाबलं आणि बुडी मारली. मग आणखी एक. जन्मभर बासरला गोदावरीत मारल्या तशा. आणि तिसऱ्या बुडीनंतर ओंजळ भरून त्यांनी सूर्याला पाणी सोडलं.

गाणं थांबलं. आमच्या मंडळीतले सर्वांत ज्येष्ठ, शाळेतून निवृत्त झालेले मास्तर काठावरून म्हणाले, "हे चालणार नाही. परत घ्यावा लागेल. आज नाही, आधी शिकवण पक्की होऊ द्या."

सासूबाईंना उमगलं. त्यांचा चेहरा उतरला, ओंजळ अजून तशीच पुढे होती. "म्हंजे ताट नाही?" त्यांनी मला विचारलं.

पास्टर पाण्यातच उभे होते. त्यांनी शांतपणे विचारलं, "अम्मा, त्या दोन बुड्या कशाला?"

"पहिली तुमची होती," सासूबाई म्हणाल्या. "बाकीच्या सवयीनं झाल्या. नदीत एकच मारून कोनी निंगते का?"

"आणि ते पाणी? कोणाला दिलं?"

खोटं बोलणं सासूबाईंना जमत नाही. "मनात कोनी नव्हतं. हातच गेले वर. मी मेली, पन हाताइले अजून सांगायचं राह्यलं वाटते."

काठावर कोणीतरी हसलं. मास्तर हसले नाहीत.

"तुम्ही पाण्यात गेलात ते कोणावर विश्वास ठेवून?"

"येशूवर. त्याच्यासाठी तर उताणी पडली."

पास्टर मास्तरांकडे वळले. "मेलेलं माणूस एकदाच पुरतात, मास्तर. ही पुरली, उठली. परत पुरायचं म्हटलं तर पहिलं खोटं ठरेल. हातांना आपण हळूहळू शिकवू."

मीच म्हटलं, "काय ते बाहेर आल्यावर बोला, आत्या काकडून राहिल्यात." आडोशामागे मी त्यांना कोरडं करत होते तरी त्यांचे कान बाहेरच होते.

दुपारी बाभळीखाली सतरंज्या टाकून प्रभुभोजन झालं. ताट फिरवायचं काम मास्तरांचंच. ते रांगेनं आले आणि सासूबाईंपुढे थांबले. मला वाटलं, आता पुढे जातात. त्यांनी खाली वाकून ताट धरलं. "घ्या, बाई," ते म्हणाले. "लहान तुकडा घ्यायचा असतो."

सासूबाई सकाळपासून उपाशी होत्या. त्यांनी मोठाच घेतला. डोळे मिटून सावकाश चावला, पदरानं तोंड पुसलं आणि ताट स्वतःच्या हातानं पुढच्या बाईकडे दिलं.

मागे झाडाला टेकून बसलेल्या सासऱ्यांनी हळूच विचारलं, "कसं लागलं?"

"चांगलं हाय," त्या म्हणाल्या. "मीठ टाकाले इसरली करनारी."

भाकरी मी केली होती. मी गाण्याचं पुस्तक उघडलं.