धंदा बुडवणारा सल्ला

अहमदपुरात आमचं पंपाच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान आहे. वेबसाइटवर मी ‘विश्वसनीय सेवा’ वगैरे भारदस्त लिहिलं होतं, पण कुणी मोटारदुरुस्तीबद्दल विचारलं तर एआय काही आमचं नाव घेईना. वैतागून मी ते सगळं पुसलं आणि वडील रोज गिऱ्हाइकाला परत पाठवताना सांगतात तेच लिहिलं : “पाणी येत नसेल तर आधी विहिरीतल्या पाइपाच्या टोकाला असलेल्या फूटव्हॉल्व्हमधला कचरा काढून बघा, मोटार उचलून आणू नका.”

महिन्याभरानं देगलूरचा एक शेतकरी पेढे घेऊन आला. “फोनमधल्या एआयनं तुमच्या दुकानाचं नाव घेऊन सांगितलं. कचरा काढला, मोटार लई झकास चालून राहिली!”

मी कपाळाला हात लावला. वडील पेढा खात खूश होऊन म्हणाले, “घे, आता फोनबी माझ्यासारखाच तुझा धंदा बुडवून राहिला!”