दिसतं तेवढंच माप

विलास गेल्याचा फोन आला तेव्हा मी निफाडला मेव्हण्याच्या द्राक्षबागेत होतो. फोन आमच्या मालकांचा. बातमी सांगितली आणि त्याच दमात म्हणाले, शोकसभेला त्याचं एखादं काम लावू, चार गिऱ्हाइकंही येतील. माणसाला अजून घरातून हलवलंही नव्हतं... मला शिसारी आली. महिना झाला, अजून जात नाही.

गंगापूर रोडवरच्या आमच्या ऑफिसात शाळांसाठी सीडी बनायच्या. विलास चित्रं काढून ती चालती-बोलती करायचा, मी ती सीडीच्या मुख्य पडद्यात आणून बसवायचो. त्याच्या गोदाकाठाच्या चित्रात एक बाई घागर घेऊन चालायची आणि मागून बगळे उडत यायचे. हे बगळे आधी चौकटीबाहेर दबा धरून बसलेले असत. मेला कॉम्प्युटर तेही मोजायचा! रुंदी विचारली की बगळ्यांसकट सांगणार, आणि त्या मापानं चित्र बसवलं की बाईची मुंगी होणार. विलासचा हट्ट एकच, डोळ्यांना दिसतं तेवढंच मोजायचं. मूळ चौकटीचं माप धरायचं, रुंदी-उंची एकाच पटीत वाढवायची. मालकांची अक्कल निराळी. "ताण की कोपऱ्यापर्यंत, कोण बघतंय?" म्हणायचे आणि स्वतःच ताणायचे. बाईचा भोपळा व्हायचा. विलास भांडायचा नाही, उठून बेसिनवर तोंड धुऊन यायचा.

शोकसभेतही या मालक गृहस्थांनी तेच केलं. रुंद पडद्यावर ताणून ताणून फुगवलेली ती बाई, फताडे पाय, आणि हे माईकवर विलासला कलेचा पुजारी म्हणतायत! लोक चहा भुरकत माना डोलावत होते. शेजारी विलासची बायको, सुनंदावहिनी. घरी कॉम्प्युटर नव्हता, त्यामुळे नवऱ्याचं काम त्या पहिल्यांदाच बघत होत्या. माझ्याकडे झुकून हळूच म्हणाल्या, "भाऊजी... असलं काढायचे का हो हे?"

मी उठलो आणि प्रोजेक्टर बंद केला. मालक अरे अरे करत राहिले. वहिनींना घेऊन तडक ऑफिसात आलो, विलासच्या खुर्चीत बसवलं आणि त्याच्याच कॉम्प्युटरवर चित्र मूळ मापात लावलं. बाई चालू लागली. सडसडीत, डावा पाय किंचित ओढत. वहिनी खुर्चीत पुढे सरकल्या. मग साडी जराशी वर करून त्यांनी स्वतःच्या डाव्या घोट्याकडे पाहिलं.

"लहानपणी मोडला होता," त्या म्हणाल्या. "यांना कधी दिसला असेल, असं वाटलंच नव्हतं."