भिंतीवरचा मातीचा गोळा

टायर निवडण्याच्या बाबतीत आमच्या कचेरीच्या जीपचे ड्रायव्हरमामा उभ्या मराठवाड्यात कुणाचं ऐकणारे नव्हते. निजामाचं राज्य गेलं, आमचा जिल्हा मुंबई राज्यात आला, पुढं महाराष्ट्रात. कागदांवरची उर्दू गेली, साहेब बदलले, मामांची पद्धत मात्र तीच. जीपला चाकांचे दोन संच होते. एक खोल खाचांच्या टायरांचा, काळ्या रानातल्या चिखलासाठी. दुसरा बारीक नक्षीचा, सडकेसाठी. "चारी चाकं वढत्यात म्हणून काय झालं? पायात काय घातलंय ते बघाय नगं?" असं म्हणत मामा रोज सकाळी कचेरीमागच्या रानात अनवाणी उतरत, मूठभर माती उचलून गोळा वळत आणि पडवीत येऊन माझ्या खिडकीशेजारच्या भिंतीवर फेकून मारत. चिकटला तर खाचांचे टायर, पडला तर सडकेचे. मी तिथला कारकून. वर्षभर ते डाग मोजत बसे. एकदा गोळा खिडकीतून थेट नव्या साहेबांच्या चहात पडला. साहेब कडाडले. मामा कपात डोकावून शांतपणे म्हणाले, "चिकटला न्हाय साहेब. सडकेचे घालतो."

खाचांचे टायर डांबरावर घूं घूं करत, त्यानं साहेबांचं डोकं उठे. श्रावणातल्या एका सकाळी गोळा भिंतीला असा बसला, की ढिम्म हलेना. पण साहेबांना सोलापूरला जायचं होतं, सगळी डांबरी सडक. मीच म्हणालो, "मामा, आज भिंतीचं नको, साहेबांचं ऐका." मामांनी मुकाट्यानं चाकं बदलली.

दुपारी जीप परत आली, तेव्हा माकणीहून सायकलवर आलेला माणूस पडवीत वाट बघत होता. मामांची एकुलती लेक तिथं दिलेली. पहिलटकरीण अडली होती, सुईणीनं हात टेकले होते. साहेबांनी तिथल्या तिथं जीप दिली. मामांनी कोपऱ्यातल्या खाचांच्या टायरांकडं पाहिलं.

"बदलू का भाऊसाहेब? अर्धा घंटा लागंल."

"अहो, लेक अडलीय आणि टायर कसले बदलताय? काढा तशीच!" मी ओरडलो आणि शेजारी जाऊन बसलो.

माकणी कोसभर राहिली आणि जीप काळ्या मातीत बसली. चारी चाकं जागच्या जागी फिरली. नक्षी चिखलानं भरून गेली. मामा उतरले आणि चिखल तुडवत पळत सुटले. बैलगाडीत घालून लेकीला जीपपर्यंत आणलं, तोवर ती गेली होती. बाळही गेलं.

त्यानंतर मामांनी कधी गोळा वळला नाही. खाचांचे टायर चढवले, ते निवृत्त होईपर्यंत उतरवले नाहीत. साहेबांनीही आवाजाबद्दल चकार शब्द काढला नाही. निरोपाच्या दिवशी मी धीर करून म्हणालो, "मामा, त्या दिवशी मी घाई केली नसती तर..."

त्यांनी माझा हात धरला. "तुमी घाई केली ती माज्या लेकीपायीच केली न्हवं? तेवढी तिच्या सासरच्यांनी बी केली न्हाय."

त्यापेक्षा त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. दर दिवाळीला पडवीला चुना लागतो. त्या सकाळचा गोळा अजून खिडकीशेजारी आहे. चुना देणाऱ्याला मी तेवढी जागा सोडायला सांगतो.