नमुन्याबरहुकूम सही

त्याला सगळे स्प्रिंगशेठ म्हणतात. त्यातला शेठ चेष्टेचा. दुकान आठ बाय दहाचं, धंदा जुन्या खुर्च्या-सोफ्यांना नवं कापड चढवण्याचा. कोणाकडे गेला तरी बसण्याआधी याचा हात खुर्चीखाली जातो, दुसऱ्या कारागिराच्या चुका चाचपायला. चुका म्हणजे ते बारीक खिळे. दुसऱ्या प्रकारच्याही सापडतात.

यंदा सिनेमागृहाच्या एकशे चाळीस खुर्च्यांचं काम चालून आलं. अट एकच, एक तारखेला सुरुवात. त्याचं जुनं शिलाई मशीन रेक्झिनची दुहेरी घडी आली की म्हाताऱ्या बैलासारखं बसकण मारतं. मोठं मशीन हवं, म्हणून पतसंस्थेत कर्जाचा अर्ज केला. आठवड्यात तो परत आला. शेरा : सही नमुन्याशी जुळत नाही.

स्प्रिंगशेठ तडक कर्ज विभागाच्या मॅडमसमोर जाऊन बसला. त्यांनी एक पिवळं पडलेलं कार्ड पुढे केलं.

"ही तुमची सही, काका. खातं उघडतानाची."

सव्वीस वर्षांपूर्वीची सही. आपण पुढे मोठा माणूस होणार असा तेव्हा त्याचा ठाम अंदाज होता, आणि मोठ्या माणसांची सही वाचता येत नाही एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. पहिलं अक्षर पतंगाएवढं, मग तीन गिरक्या, शेवटी शेपटी मागे फिरून सगळ्याखालून गेलेली, वर दोन टिंबं. पुढे दाभण ओढून ओढून अंगठा ताठला आणि सही आपोआप दोन फटकाऱ्यांवर आली. एवढ्या वर्षांत कोणी हटकलं नाही, कारण तो फक्त पैसे भरायला यायचा. भरणाऱ्याची सही कोण बघतंय?

"मी समोर बसलोय ना मॅडम. मीच मी आहे."

"आहात हो. पण कागदावर दिसत नाही."

"मग सही बदलून घ्या."

"बदलता येते." त्यांनी दुसरा अर्ज काढला. "हा भरा. खाली जुनी सही करा."

मॅडम चेष्टा करतायत असं त्याला वाटलं. पण त्या चेष्टा करणाऱ्यांतल्या नव्हत्या.

"दुसरा काही मार्ग?"

"प्रतिज्ञापत्र. ते संचालकांच्या सभेपुढे जातं. सभा परवाच झाली, आता तीन महिन्यांनी."

मग आठवडाभर स्प्रिंगशेठ दुकानात रेक्झिनच्या तुकड्यांवर खडूनं स्वतःची सही गिरवत बसला. पतंग जमायचा. दुसऱ्या गिरकीला अंगठा अडायचा आणि शेपटी भलतीकडेच जायची. घरी जेवणं झाल्यावरही तेच. बायको दोन दिवस बघत राहिली, मग तिनं पेन हिसकावून घेतलं आणि एका दमात सही करून दाखवली. गिरक्या, शेपटी, टिंबं, सगळं जिथल्या तिथे.

तो बघतच राहिला. "तुला कशी येते?"

"लग्न ठरल्यावर तुम्ही पत्रं लिहायचात ना, त्यातून शिकले. पोरीच्या प्रगतिपुस्तकावर दहा वर्षं कोण करत होतं? शाळेला वडिलांचीच सही लागायची. वडील होते कुठे घरी?"

पोरगी आतून बाहेर आली. "म्हणजे बाबांनी माझे गणिताचे मार्क कधी बघितलेच नाहीत?"

"नशीब समज," आई म्हणाली.

"अगं, पण हे बरोबर नाही," स्प्रिंगशेठ पुटपुटला.

"काय चुकलं? नाव तुमचं, सही तुमची, बायको तुमची."

बायकोच्या हातची सही घेऊन कर्जाचा नवा अर्ज गेला आणि चार दिवसांत मंजूर झाला. तीस तारखेला दोघं मिळून पतसंस्थेत गेली. बायकोला काचेबाहेरच्या बाकावर बसवलं. मॅडम आज चक्क हसल्या.

"अभिनंदन काका. या वेळी सही कशी अगदी छापल्यासारखी! आता करारावर करा, माझ्यासमोर."

"इथे? आत्ता?"

"मग कुठे?"

"अंगठा नाही चालणार?"

"अंगठा लिहिता न येणाऱ्यांचा."

त्यानं काचेकडे पाहिलं. बायको बोटानं स्वतःच्या गुडघ्यावर गिरक्या काढून दाखवत होती, सावकाश, त्याला दिसतील अशा. त्यानं पेन टेकवलं. पतंग झाला, पहिली गिरकी झाली. पुढे अंगठा अडला, आणि रोज पावतीबुकावर चालणारा त्याचा हात त्याला न विचारता दोन फटकारे मारून मोकळा झाला.

मॅडमनी अर्ज आणि करार शेजारी शेजारी ठेवले.

"काका, अर्जावरची सही तुमचीच ना?"

काचेपलीकडे बायकोचं बोट शेपटीपर्यंत पोचलं होतं. नाही म्हणावं तर ती अडकणार.

"हो," तो म्हणाला.

मॅडमनी करारावरच्या फटकाऱ्यांवर बोट ठेवलं.

"मग ही कोणाची?"