एका पायात पिवळी, एका पायात काळी

रशीद गेल्याची बातमी फोनवर आली ती फोटोसकट. येडगावला धरणाकाठी, उसाच्या बांधावर तो उताणा पडलेला, डोळे उघडे, आणि हनुवटीखाली जिथे माणसाला गळा असतो तिथे लाल चिखल. पाठवणाऱ्याने खाली जोडलेले हात टाकले होते आणि ‘पुढे पाठवा’ असं लिहिलं होतं. मी पाठवला नाही, तरी संध्याकाळपर्यंत तो मलाच आणखी कितीतरी जणांकडून येत राहिला. दुसऱ्या दिवशी जुन्नरच्या कब्रस्तानात त्याला माती देऊन बाहेर आलो, तर चौकात फ्लेक्स लागला होता : ‘बिबट्याशी झुंजलेला वाघ’. त्यावर रशीदपेक्षा श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे चेहरे मोठे होते. रशीदने पाहिला असता तर म्हणाला असता, “माणसाला जनावर म्हणायचं न् जनावराला सैतान. दोघांची बदनामी, राव.”

आम्ही शाळेत एका बाकावर. त्याचे वडील बाजारपेठेच्या बोळात कल्हईचं काम करायचे. पोहायला तो शिकला आजोळी, येडगावच्या धरणात. तिथून हा गडी थेट अंदमानला गेला आणि पाठीवर हवेची टाकी बांधून पर्यटकांना समुद्राचा तळ दाखवू लागला. सुट्टीवर आला की सगळे एकच विचारायचे, शार्क चावतो का? त्यावर तो शार्कबद्दल न बोलता सामानाबद्दल बोलायचा. “त्याला रंग फारसे कळत न्हाईत म्हणतात, पण उठून दिसलेलं कळतं. गढूळ पाण्यात काही चकाकलं की त्याला माशाची कूस वाटती.” म्हणून तो घड्याळाला, सुरीला, पट्ट्याच्या बकलाला काळी टेप गुंडाळायचा. गावात लग्नाला आला तरी मनगटावर टेप तशीच. लोकांना वाटायचं, घड्याळ फुटलंय.

त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं का नाहीत, हे त्याने मला फार उशिरा सांगितलं. मुरुगन नावाचा त्याचा जोडीदार होता. पर्यटक नसलेल्या एका दिवशी दोघे भाल्याने मासे मारायला उतरले. पाणी गढूळ होतं. जोडीदार नजरेआड होऊ नये म्हणून रशीदने त्याला आपल्या पिवळ्या फिन दिल्या... फिन म्हणजे पायात घालायचे बदकाच्या पंजासारखे रबरी पंजे. मुरुगनने मारलेले मासे कमरेला बांधले होते, त्यांचं रक्त मागे सुटत होतं. शार्क खालून आला आणि त्याने मुरुगनची मांडी धरली. कुत्रं चिंधी झटकतं तशी त्याने ती झटकली. रशीद मुठीने त्याच्या नाकाडावर मारत सुटला. एकदा मूठ चुकून जबड्यात गेली, बोटं गेली, हातावरचा रबरी सूट दंडापर्यंत भोकाभोकांचा झाला. होडीत त्याने उरलेल्या हाताने मुरुगनच्या मांडीतली रक्ताची नळी दाबून धरली. “गरम व्हती,” तो म्हणाला, “मग थांबली.” एवढंच. त्याच्या पुढ्यात तेव्हा भुईमुगाच्या शेंगांनी भरलेलं सूप होतं आणि तो शेंगा फोडत राहिला.

पण त्याला छळणारी गोष्ट वेगळीच होती. शार्क आला तो माशांच्या रक्ताला, की त्या पिवळ्या फिनला? रक्त माशांचं, पण फिन रशीदच्या. पुढे त्याने एक वेडेपणा केला. एका पायात पिवळी आणि एका पायात काळी फिन घालून तो त्याच जागी पुन्हा पुन्हा उतरायचा. मी विचारलं, “मग? कुठल्या पायाकडे आला?” तो हसला. “एकदा आला. लांबून बघितलं न् गेला. त्याला माझा अपमानच करायचा व्हता.”

मग तो सगळं सोडून येडगावला मामाच्या जमिनीवर राहायला आला. तेव्हा आपल्याकडे बिबटे उसातून थेट ओट्यावर येऊ लागले होते, आणि बायकांच्या गळ्यात खिळ्यांचे पट्टे आले. वाकलेल्या माणसाची मान बिबट्या मागून धरतो, म्हणून ते. महाळुंगे पडवळला पट्टेवाटपाचा समारंभ झाला. पाहुण्यांनी पट्टा घालून फोटो काढला, वर हार घातला, तो खिळ्यांत अडकला आणि शेवटी हार फाडूनच पाहुण्यांना सोडवावं लागलं. रशीद मागे उभा होता. त्याचं लक्ष बायकांच्या मानांकडे. पट्टा टोचतो, उकडतो, म्हणून त्या तो काढून बांधावर ठेवायच्या. घरी येऊन त्याने आपला जुना, फाटका सूट कापला आणि त्या मऊ रबराचं अस्तर लावलेले पट्टे केले. स्वतःचा त्याने त्या चावलेल्या बाहीतून काढला. न गंजणारं बक्कल हवं म्हणून पिवळ्या फिनची टाचेमागची फीत बकलासकट त्यालाच जोडली.

रशीद गेला त्या सकाळी शेजारच्या कमलताई म्हशीसाठी गवत कापत होत्या. त्या मला सांगत होत्या तेव्हा डोक्याला, पाठीला टाके होते. “माज्या पट्ट्याचं बक्कल तुटलं व्हतं. रशीदभाऊंनी सोताचा काढून माज्या गळ्यात बांधला. म्हनले, मी हुबाच हाये, हुब्या माणसावर तो येत नाय.” बिबट्या उसातून निघून त्यांच्या पाठीवर पडला. मान धरली, पण खिळे टाळूत शिरले. तो किंचाळला, तरी नख्यांनी पाठ सोलत राहिला. रशीदची काठी पहिल्याच तडाख्यात मोडली. मग त्याने मुठीने त्याच्या नाकाडावर मारायला सुरुवात केली. बिबट्याने कमलताईंना सोडलं आणि रशीदचा उघडा गळा धरला. “वरडले न्हाईत ते,” कमलताई म्हणाल्या. पाण्याखाली ओरडता येत नाही... सवय लागते.

गेल्या आठवड्यात मी पुन्हा गेलो. कमलताई शेतात जात नव्हत्या. म्हैस विकायचं घरात चाललं होतं. पट्टा पुढ्यात घेऊन त्या बसल्या होत्या.

“भाऊ, ह्यो माज्या गळ्यात नसता, तर ते वाचले असते का?”

शोकसभेत अशा प्रश्नांना सुंदर उत्तरं मिळतात. मी त्यांना मुरुगनचं, शार्कने चावलेल्या त्या बाहीचं सांगितलं, आणि एक पिवळी, एक काळीचंही.

“मंग शेवटी काय ठरलं त्यांचं?”

“काही नाही. थोडा फरक पडतो म्हणायचा. किती, ते त्याला कळलं नाही.”

त्यांनी पट्टा उलटा केला. रबरावर भोकंच भोकं. “ह्यातली बिबट्याची कंची?” मी निरखून पाहिलं. मला सांगता येईना. बराच वेळ त्या बोट फिरवत राहिल्या. मग उठल्या, विळा घेतला, माझ्याकडे पाठ केली आणि म्हणाल्या, “हात वर जात नाय अजून. बांधा.”

मी बक्कल लावलं. त्या गवतात शिरल्या, वाकल्या, दिसेनाशा झाल्या. मी बांधावर उभा राहिलो. हिरव्यात फक्त ती पिवळी फीत दिसत होती. बऱ्याच लांबून दिसत होती... रशीदने ती मुरुगनला दिली होती, ती त्यासाठीच.